आम्हाला मित्रच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या बुधवारच्या अंकात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. शहराच्या कलादालनातल्या रिकाम्या पाच जागा तूर्त भरायच्या नाहीत. दालनं उघडणं, प्रेक्षकांवर लक्ष ठेवणं, चित्रांची माहिती सांगणं, नोंदवह्या लिहिणं ही कामं कलादालनाच्या मित्रसंस्थेतल्या, म्हणजे त्याला वर्गणी आणि वेळ देणाऱ्या नागरिकांच्या संस्थेतल्या, स्वयंसेवकांकडे सोपवायची, असा विचार चालू आहे म्हणे. शनिवारी त्यावर एका वाचकाचं पत्रही आलं. त्यांनी आम्हा स्वयंसेवकांचं तोंड भरून कौतुक केलं आहे. ‘निःस्वार्थ’ हा शब्द त्या पत्रात तीनदा आला आहे. मी मोजला.

मोजायची सवय जुनी आहे. मी या मित्रसंस्थेची खजिनदार आहे, १४ वर्षांपासून. त्याआधी ३१ वर्षं हिशेबतपासणीत काढली. चित्रकलेशी माझा संबंध म्हणाल तर शाळेत मी काढलेलं पातेलं नेहमी टेबलावरून घरंगळून पडेल असं दिसायचं. निवृत्तीनंतर एका मैत्रिणीने वर्गणीची पावती माझ्या नावाने फाडली आणि तिसऱ्या महिन्यात मला पावतीपुस्तकच देऊन टाकलं. तेव्हापासून आठवड्यातून दोन दुपारी मी कलादालनात असते. तर ज्यांचं एवढं कौतुक झालं त्यांच्यापैकीच एक म्हणून माझी विनंती अशी, की ही कामं आम्हाला देऊ नका. आम्हाला ती झेपणार नाहीत, आणि झेपली तरी ती आमच्या हाती असणं बरं नाही.

हे विनयाने म्हणत नाही. पुराव्याने म्हणते, आणि पुरावा माझ्याच विरुद्ध आहे.

कलादालनाच्या दुसऱ्या दालनात एक मोठं तैलचित्र आहे, सोनेरी नक्षीच्या चौकटीतलं. काही वर्षांपूर्वी संस्थेचा वार्षिक कार्यक्रम त्या दालनात होता. पाहुणे सहाला येणार होते. साडेचारच्या सुमारास खुर्च्या मोजताना माझं लक्ष चौकटीच्या खालच्या पट्टीकडे गेलं. धूळ बसली होती. पाहुणे काय म्हणतील, म्हणून मी रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीतून थोडा ओला केला आणि पट्टी पुसायला घेतली. पहिल्या हाताला धूळ निघाली. दुसऱ्या हाताला रुमालावर पिवळसर चमक आली. मला वाटलं, मळ असेल. तिसऱ्या हाताला चौकटीवर बोटभर लांबीचा तांबडा पट्टा दिसायला लागला. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पूर्वी कुणीतरी चौकटीला लाल रंग देऊन वर सोनेरी मारला असावा आणि आपण एक बनवेगिरी उघडकीला आणली, असं मला क्षणभर वाटलं. ३१ वर्षांची सवय.

नंतर कळलं ते असं. अशा चौकटीत लाकडावर आधी खडू आणि सरस यांचे थर देतात. ते घोटून गुळगुळीत झाले की वर तांबड्या चिकणमातीचा पातळ थर. तो पाण्याने ओलावून त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात आणि मग घासून चकाकी आणतात. वर्खाला धरून ठेवणारा सरस पाण्यात सुटतो. म्हणजे पाण्याने बसलेलं सोनं पाण्यानेच निघतं. मी ओल्या रुमालाने धूळ पुसत नव्हते, सोनं पुसत होते.

दालनाचे रखवालदार, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, ते आले. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. एक दोरीचा खांब उचलून त्या कोपऱ्याच्या पुढे आणून ठेवला. कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मग मामा चित्रांच्या स्थितीची नोंदवही घेऊन आले. म्हणाले, “बाई, लिहा.” मी लिहिलं. वाचून म्हणाले, “वेळपण लिहा.” मी वेळ लिहिली.

आठ महिन्यांनी बाहेरून जतनतज्ज्ञ आले तेव्हा तो तुकडा दुरुस्त झाला. या आठ महिन्यांत माझं काय झालं? काहीही नाही. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा सगळे म्हणाले, जाऊ द्या, मनापासून केलं होतं. त्याच सभेत मी पुन्हा बिनविरोध खजिनदार झाले. हेच मामांच्या हातून झालं असतं तर? कारणे दाखवा नोटीस निघाली असती, चौकशी झाली असती, आणि ती व्हायलाच हवी होती. माझी मुख्य अडचण इथे आहे. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. विचारलात तर तो रागावून उद्यापासून येणार नाही, आणि त्याला तसा अधिकारही आहे. सार्वजनिक मालकीची वस्तू मात्र अशाच माणसाच्या ताब्यात असावी ज्याला जाब विचारता येतो. हे मी चित्रांकडे पाहून शिकले नाही, कॅशबुकांकडे पाहून शिकले.

मामा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बातमीतल्या पाच जागांपैकी एक त्यांची. कागदावर ती जागा अगदी खालच्या श्रेणीची आहे, त्यामुळे कोणालाही असं वाटावं की हे काम काय, खुर्चीवर बसणारा कुणीही करील. पण पावसाळ्यात मामा रोज सकाळी बाहेरच्या भिंतीला तळहात नाही, हाताची मागची बाजू लावून बघायचे. ओल डोळ्यांना दिसण्याआधी तिथे गार लागते. भिंतीवर डाग दिसेपर्यंत थांबलात तर तोवर चित्राच्या पाठीवर बुरशी आलेली असते. लोकांबद्दलचं त्यांचं एक निरीक्षण मला फार आवडायचं. खोडसाळपणे चित्राला हात लावणारा आधी डावीकडे-उजवीकडे बघतो, म्हणून तो सापडतो. कौतुकाने हात लावणारा कुठेच बघत नाही, म्हणून जपायचं त्याला. आमच्यातला एकही स्वयंसेवक हे ओळखत नव्हता. आम्ही सगळे दुसऱ्या प्रकारात मोडतो.

उजेडाचंही तसंच. कागदावरच्या जलरंगातल्या चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये, तैलचित्रांवर २०० लक्सच्या आसपास चालतो, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून जलरंगांचं दालन अंधारं वाटतं आणि लोक तक्रार करतात. उजेडाने उडालेला रंग चित्र काळोखात ठेवून परत येत नाही. पुढच्या वेळी त्याच्यापुढचा उडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर या खात्यात नुसता खर्च आहे, जमेची बाजू नाही. हे सगळं आम्हाला पाठ आहे, प्रशिक्षणात घोकून घेतलेलं आहे. तरीसुद्धा आमच्यातल्या एका अतिशय सज्जन सदस्याने मोठ्या पाहुण्यांना चित्र नीट दिसावं म्हणून खिडकीचा पडदा सरकवला आणि नंतर तो तसाच राहिला, दुपारभर. नियम माहीत नसतो म्हणून तो मोडतो असं नाही. पाहुण्याला ‘नाही’ म्हणायला जी पाठीशी नेमणूक लागते, ती आमच्यापाशी नाही.

आता कुणी म्हणेल, मग तुम्ही तिथे करता काय? रास्त प्रश्न आहे. मित्रसंस्था ही कल्पना नवी नाही आणि किरकोळ तर मुळीच नाही. नेदरलँड्समध्ये १८८३ साली रेम्ब्रांटच्या नावाने अशी संस्था निघाली. व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र १९०८ साली ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आलं त्यात तिचा वाटा होता. लूव्र संग्रहालयाच्या मित्रांची संस्था १८९७ ची. तिने ॲंग्रचं ‘तुर्की हमाम’ १९११ मध्ये लूव्रला दिलं. लंडनमध्ये १९०३ साली राष्ट्रीय कलासंग्रह निधी सुरू झाला, आणि तिसऱ्याच वर्षी त्याने वेलाझ्क्वेझची ‘रोकबी व्हीनस’ ४५ हजार पौंडांना घेऊन नॅशनल गॅलरीला दिली.

या निधीचीच १९०९ ची एक हकिकत खजिनदार म्हणून मला फार प्रिय आहे. हान्स होल्बाइनने काढलेलं डेन्मार्कच्या क्रिस्टिनाचं उभं, काळ्या पोशाखातलं चित्र विक्रीला निघालं होतं. किंमत ७२ हजार पौंड. वर्गण्या गोळा होत होत्या पण आकडा काही गाठला जाईना, मुदत संपत आली, चित्र देशाबाहेर जाणार हे जवळपास ठरलं. शेवटच्या क्षणी एका बाईने ४० हजार पौंड दिले, नाव जाहीर करायचं नाही या अटीवर. चित्र नॅशनल गॅलरीत राहिलं, आजही तिथे आहे. मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कधी कधी विचार करते, त्या माणसांनी पावती कुणाच्या नावाने फाडली असेल?

या सगळ्या संस्थांनी काय केलं ते बघा. पैसे गोळा केले, चित्र मिळवलं, गॅलरीच्या हाती दिलं आणि बाजूला झाले. चित्र घेतलं म्हणून भांडाराच्या किल्ल्या मागितल्या नाहीत.

आमची संस्था असल्या उंचीची नाही. आम्ही १४ वर्षांत दोनच चित्रं घेतली, दोन्ही लहान, आणि त्यातलं एक मला अजून कळलेलं नाही. पण आमच्या पैशाने झालेली सगळ्यात चांगली खरेदी म्हणजे भांडारातल्या आम्लरहित पेट्या आणि तापमान-आर्द्रता सतत नोंदवणारी छोटी यंत्रं. त्यांच्यावर दात्याचं नाव कोरता येत नाही, उद्घाटनाला फीत बांधता येत नाही, म्हणून त्यासाठी वर्गणी मागणं महाकठीण. चित्रासाठी लोक लगेच देतात, पेटीसाठी ‘बघतो’ म्हणतात. तिसरी खरेदी घडीच्या स्टुलांची. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर लेख लिहिला होता; उंच-सखल मांडलेल्या वस्तू बघताना माणसाला किती वाकावं, ताणावं लागतं ते त्यांनी छायाचित्रं काढून दाखवलं. ती छायाचित्रं मी पाहिली आणि माझ्या गुडघ्यांना प्रथमच कुणीतरी समजून घेतल्यासारखं वाटलं. पुढच्या सभेत स्टुलांचा ठराव मांडला.

याच गिलमन यांच्या काळात, १९०७ मध्ये, त्याच संग्रहालयात प्रेक्षकांबरोबर फिरून चित्रं समजावणाऱ्यांसाठी ‘डोसेंट’ हा शब्द आला. आज जगभर हे काम बरंचसं स्वयंसेवक करतात. मीही करते, आठवड्यातून एकदा. माझी पद्धत एकच आहे. गटाला एका चित्रासमोर स्टुलांवर बसवायचं आणि पहिली पाच मिनिटं काही बोलायचं नाही. लोकांना वाटतं ही काही विशेष पद्धत असावी. खरं म्हणजे मला फार काही येत नाही. पण त्याचा उपयोग होतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात माणूस एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबतो असं निघालं, आणि तेही थोडे जास्त रेंगाळणारे लोक सरासरी वर ओढतात म्हणून. निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकलेले. तेव्हा पाच मिनिटं गप्प बसवणं हीसुद्धा सेवाच आहे.

आम्हाला जे देता येतं ते म्हणजे वेळ. एकदा एक अंध गृहस्थ त्यांच्या भाचीबरोबर आले होते. भाचीला फोन आला म्हणून मी त्यांच्याबरोबर थांबले आणि समोरच्या चित्राचं वर्णन करायला लागले. खुर्चीत बसलेली बाई, निळा पोशाख, खिडकी, असं. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, “तिचे पाय जमिनीला टेकलेत का?” मी त्या चित्रासमोर कितीतरी दुपारी काढल्या होत्या. मला सांगता येईना. जवळ जाऊन पाहिलं, तर टेकलेले नव्हते. खुर्ची तिच्यासाठी उंच होती. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं त्या खुर्चीबद्दल बोललो. ती खुर्ची तिची नसेल, चित्रकाराची असेल, असं त्यांचं मत पडलं. हे काम पगारी माणसाला रोज करता येणार नाही, त्याला इतर वीस कामं असतात. इथे आम्ही हवेत.

पण बघा, त्या अर्ध्या तासात मी दालनाकडे बघत नव्हते. बाकीच्या भिंतींकडे दुसरं कुणीतरी बघत होतं, म्हणून मला ती चैन परवडली.

आमच्या हजेरीबद्दलही स्पष्ट लिहिते, संस्थेतले लोक मला बोल लावतील तरी. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे एका दालनाला चार माणसं असतात, एकमेकांशीच बोलत. मंगळवारी दुपारचा रकाना वहीत कोरा. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाची मुलगी बाळंतपणाला आलेली असते, कुणाचा दमा उठलेला असतो. कारणं सगळी खरी आहेत. आमचं सरासरी वय काढण्याचं धाडस मी केलेलं नाही. शिवाय फुकट काम कोणाला परवडतं? ज्याचं निवृत्तिवेतन वेळेवर जमा होतं त्याला. कलाशाळेतून नुकती बाहेर पडलेली एक मुलगी आमच्याकडे सहा महिने आली. माझ्यापेक्षा शंभरपट जाणकार, लहान मुलांशी तर अशी बोलायची की मी वही मिटून ऐकत बसायची. सहा महिन्यांनी तिने यायचं थांबवलं, कारण तिला भाडं भरायचं होतं. या पाच जागांपैकी एकीवर तिला बसवायचं सोडून आपण तिचं काम मला फुकटात देणार. ही बचत कुणाची आणि कुणाच्या जिवावर, हे खजिनदाराने विचारायचं नाही तर कुणी?

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये उलट टोक गाठलं. तिथली स्वयंसेवक मार्गदर्शकांची योजना ६० वर्षं चालत आलेली, ८२ जण कामावर. त्या सगळ्यांना पत्र गेलं की योजना थांबवत आहोत, पुढे पगारी शिक्षक नेमू, जेणेकरून खिशाची ऐपत नसलेल्यांनाही हे काम करता यावं. तिथे मोठा गदारोळ झाला. मी ते वाचलं तेव्हा मला त्या ८२ जणांचं वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा अभ्यास असलेल्या माणसांना एका पत्राने निरोप देणं हे काही बरं नव्हे. पण कारण खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. आमची ती मुलगी डोळ्यांसमोर होती.

नोंदवह्यांबद्दल लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही, कारण बातमीत तो उल्लेख इतक्या सहज केला आहे. कलादालनाच्या जुन्या दाखल नोंदवहीत ‘स्त्रीचे चित्र, मध्यम’ अशी नोंद चार वेळा आहे. चार वेगवेगळ्या वर्षी, चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. आम्ही स्वयंसेवकांनी ती वही संगणकावर उतरवली, आणि इमानदारीने ‘स्त्रीचे चित्र, मध्यम’ चार वेळा टंकित केलं. आमच्या दृष्टीने काम झालं. तेव्हाच्या क्युरेटरबाईंनी, म्हणजे चित्रसंग्रह ज्यांच्या जबाबदारीत होता त्यांनी, ते पाहिलं आणि त्या भांडारात जाऊन बसल्या. एकेक चित्र उलटं करून मागच्या चिठ्ठ्या, शिक्के, जुन्या खिळ्यांची भोकं, चौकटीवर खडूने लिहिलेले आकडे, कॅनव्हासचं माप, सगळं जुळवलं. दोन महिन्यांत चारपैकी तीन चित्रं कुठली ते ठरलं. चौथं चित्र सापडलं नाही. ते कुठे उसनं गेलं, की चुकून दोनदा नोंदलं गेलं, की मुळात आलंच नाही, याचा त्या शोध घेत होत्या, तेवढ्यात त्यांची बदली झाली. ती जागाही त्या पाचात आहे. आमच्याकडे आता व्यवस्थित टंकलेली यादी आहे आणि एक चित्र नाही.

स्वयंसेवक नोंदीच्या कामाला नालायक असतात असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक मालकीच्या सगळ्या तैलचित्रांची छायाचित्रांसह यादी करायचा उपक्रम झाला, २ लाखांहून जास्त चित्रं, त्यातली सुमारे ८० टक्के लोकांना बघायला मांडलेली नसलेली. त्यात स्वयंसेवकांचा हात होता. पण त्यांच्या मागे जाणकार, छायाचित्रकार, संपादक अशी फळी उभी होती. आमच्या मागे उद्या भिंत असेल.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेत एक साधी अपेक्षा आहे: स्वयंसेवकांच्या कामाबद्दल संग्रहालयाचं लेखी धोरण असावं आणि त्यातून स्वयंसेवक व व्यावसायिक कर्मचारी यांचे संबंध चांगले राहावेत. लेखी, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे सगळं तोंडी आहे. ‘तुम्ही घरचीच माणसं’ हे वाक्य मी इतक्या अधिकाऱ्यांकडून ऐकलं आहे की ते ऐकलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. घरच्या माणसांकडून काम करून घेताना कुणी कागद करत नाही. आणि घरची माणसं मग घरासारखी वागायलाही लागतात. एका दात्याला आपल्या आजोबांचं चित्र कायम दर्शनी भिंतीवर हवं होतं, आमच्याच एका सदस्याला मेहुण्याचं प्रदर्शन भरवायचं होतं. दोन्ही वेळा क्युरेटरबाईंनी नाही म्हटलं आणि आम्ही त्यांच्यावर रागावलो. मीसुद्धा, थोडी. आता नाही म्हणणारं कोण आहे?

पैसे नाहीत असं उत्तर येईल, ते मी ३१ वर्षं ऐकलेलं आहे आणि बरेचदा ते खरंही असतं. तसं असेल तर माझी सूचना अशी की कलादालन आठवड्यातून तीनच दिवस उघडा, पण पुरत्या माणसांनिशी उघडा. रोज आमच्या भरवशावर उघडं ठेवण्यापेक्षा ते बरं. लोक चिडतील, आपल्याला पत्रं लिहितील, आपण ती छापाल, आणि जागा भरायला निदान कुणीतरी कुणाच्या तरी मागे लागेल. आम्ही पाच खुर्च्यांवर जाऊन बसलो तर सगळं छान चाललंय असं दिसेल आणि त्या जागा कायमच्या जातील. रिकामी खुर्ची रिकामी दिसली पाहिजे.

पत्रांनी काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समधल्या एका पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती, भिंती मोकळ्या होत्या. जानेवारी १९४२ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आलं, की गॅलरीने नुकतंच घेतलेलं रेम्ब्रांटचं चित्र तरी आम्हाला बघू द्या. त्यातून पुढे दर महिन्याला एक चित्र लंडनला आणून मांडायची प्रथा सुरू झाली. संचालक केनेथ क्लार्क यांनी ती चालवली. पहिलं चित्र तिशियनचं होतं. त्याच इमारतीत रोज दुपारी संगीताच्या मैफली व्हायच्या आणि तिथलं उपाहारगृह स्वयंसेवक बायका चालवायच्या. त्या बायकांबद्दल मला फार आपुलकी आहे. त्यांनी सँडविच केली. तिशियन त्यांच्या हातात कुणी दिला नाही.

पत्र फार लांबलं. कापावं लागलं तर कापा, फक्त रुमालाची गोष्ट ठेवा. नाव छापू नये ही विनंती. संस्थेत सगळ्यांना कळेलच.

आपली,
मित्रसंस्थेची एक खजिनदार

ता. क. बुधवारच्या बातमीबरोबर छापलेल्या छायाचित्रात उजवीकडे जे गृहस्थ चित्राच्या चौकटीवर कोपर टेकून उभे आहेत, ते आमचे अध्यक्ष. नोंदवहीत लिहिलं आहे. वेळही.